बँकेच्या वेब सर्व्हिसचं सर्टिफिकेट बदललं त्याची गोष्ट : जावा, कीस्टोअर आणि दिवाळीआधीचा दूध फरक

तुमच्या सॉफ्टवेअरमधून बँकेच्या वेब सर्व्हिसला (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला नेटवर्कवरून काम सांगायची सोय) कॉल जात असेल आणि ती सेटिंग ज्याने केली तो माणूस नोकरी सोडून गेला असेल तर हे वाचून ठेवा. मी २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यातून गेले. तेव्हा जे सापडायचं ते एकेका एररपुरतंच असायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग कुणी लिहिलेलं नव्हतं, आणि निम्म्या ठिकाणी उपाय काय तर म्हणे सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राची, तपासणीच बंद करून टाका. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय, कंटाळवाणा कागदपत्रांचा भागसुद्धा, कारण खरा वेळ तिथंच जातो.

आमची कंपनी छोटी आहे, कोल्हापुरात. दूध संघ आणि पतसंस्थांना सॉफ्टवेअर देतो. ज्या संघाची ही गोष्ट आहे त्यांचं दर दहा दिवसांचं दूध बिल आमच्या सॉफ्टवेअरमधून थेट बँकेला जातं, बँक गावोगावच्या दूध संस्थांच्या खात्यावर एनईएफटी करते आणि संस्था पुढे उत्पादकांना वाटते. मध्ये जो कॉल जातो तो जुन्या पद्धतीचा सोप (एक्सएमएलमध्ये निरोप पाठवायची पद्धत) वेब सर्व्हिसचा, जावा ८, टॉमकॅट (जावाचे प्रोग्रॅम चालवणारा सर्व्हर), सीएक्सएफ (सोपचे कॉल करणारी लायब्ररी), सगळं एका विंडोज सर्व्हरवर. आणि सर्टिफिकेट दोन्हीकडून लागतं. बँकेचा सर्व्हर आपली ओळख दाखवतो, आपल्या सर्व्हरनेही स्वतःची दाखवायची, त्याला म्युच्युअल टीएलएस म्हणतात (टीएलएस म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं, सुरक्षित कनेक्शन).

गणपती विसर्जनाच्या पाठोपाठ, ८ सप्टेंबरला, बँकेचा मेल आला. त्यात तीन गोष्टी होत्या. बँकेचा गेटवे, म्हणजे आमचे कॉल घेणारा सर्व्हर, नवीन होणार आणि ११ ऑक्टोबरच्या शनिवारी रात्री प्रॉडक्शन (खरे व्यवहार चालतात ती सिस्टीम) बदलणार. त्याआधी टेस्ट सर्व्हरवर यशस्वी चाचणी करून फॉर्म भरून द्यायचा, नाहीतर कॉल बंद. आणि तिसरी ओळ सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, की तुमचं क्लायंट सर्टिफिकेट १४ ऑक्टोबरला संपतंय. संघाचा दिवाळीचा दूध दर फरक (वर्षभराच्या दुधावर दिवाळीला मिळणारी वाढीव रक्कम) वसुबारसेच्या आत, म्हणजे १७ तारखेच्या आत, संस्थांच्या खात्यावर पडायला हवा होता. मेल वाचला आणि कॅलेंडर उघडलं तेव्हा पोटात गोळाच आला. अकाउंटचे साहेब फोनवर एवढंच म्हणाले, "मॅडम, बिल एक दिवस उशिरा चालंल, फरक नाही चालायचा. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

सर्व्हरवर जाऊन बघितलं तर कॉन्फिग फोल्डरमध्ये बँक फायनल, बँक फायनल न्यू, बँक फायनल न्यू २ अशा नावांच्या जेकेएस (जावाच्या सर्टिफिकेटं ठेवायच्या) फायली होत्या. कोणती चालू आहे ते सीएक्सएफच्या एक्सएमएल फाइलमध्ये बघून कळलं. इथं एक गोष्ट आधीच सांगते, ती कळली की पुढचं सोपं जातं. फाइल एकाच प्रकारची असली तरी तिचे उपयोग दोन आहेत. ट्रस्टस्टोअर म्हणजे मी कुणावर विश्वास ठेवायचा, आणि कीस्टोअर म्हणजे मी कोण, माझं सर्टिफिकेट आणि माझी प्रायव्हेट की (गुप्त किल्ली). आमच्याकडे दोन्हीसाठी एकच फाइल वापरलेली होती. चालतं तसं, पण काही बिघडलं की कोणती बाजू बिघडली तेच कळत नाही. मी पहिल्याच दिवशी दोन वेगळ्या फायली केल्या आणि जुन्या सगळ्यांचा तारीख घालून बॅकअप घेतला.

टेस्ट सर्व्हरला पहिला कॉल मारला आणि एरर आली, रिसीव्ह्ड फेटल अलर्ट : हँडशेक फेल्युअर (हँडशेक म्हणजे कनेक्शन जोडताना दोघांनी आधी ओळख आणि एन्क्रिप्शन ठरवून घेणं). यातला "रिसीव्ह्ड" हा शब्द महत्त्वाचा आहे, म्हणजे नकार समोरून आलाय. आपल्या जावाने नकार दिला असता तर एसएसएल हँडशेक एक्सेप्शनच्या पुढे वेगळं कारण आलं असतं. कोण कुणाला नाही म्हणतंय हे आधी बघायचं, मग शोधायला लागायचं. पुढच्या महिनाभरात मी प्रत्येक एररला हेच केलं आणि निम्मं डोकं खाणं त्यानेच वाचलं.

कारण निघालं जुनं जावा. आमच्या सर्व्हरवर २०१७ सालचं अपडेट होतं. जावा ८ मध्ये अपडेट १६१ यायच्या आधी, म्हणजे जानेवारी २०१८ च्या आधी, २५६ बिटचं एईएस एन्क्रिप्शन मुळात बंद असायचं, पॉलिसीच्या वेगळ्या फायली टाकून ते चालू करावं लागायचं. बँकेच्या नवीन गेटवेने फक्त २५६ बिटवाले सायफर (एन्क्रिप्शनच्या पद्धती) ठेवलेले, त्यामुळे दोघांचं एकही जुळेना. नवीन जावा ८ टाकलं, टॉमकॅट रिस्टार्ट केला, आणि परत तीच एरर. कारण विंडोजवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून चालतो तेव्हा तो जावा-होम बघेलच असं नाही, त्याच्या मॉनिटर प्रोग्रॅमच्या जावा टॅबमध्ये जेव्हीएम डीएलएलचा पत्ता असतो आणि तो जुन्या फोल्डरचाच होता. कमांड प्रॉम्प्टवर जावाचं व्हर्जन विचारून समाधान मानू नका, चालू असलेल्या प्रोसेसचा पाथ बघा.

तो पत्ता बदलला आणि एरर बदलली. एरर बदलली की आनंद होतो हे या कामात शिरल्याशिवाय कळत नाही. आता आली ती सगळ्यांच्या ओळखीची, पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड, अनेबल टू फाइंड व्हॅलिड सर्टिफिकेशन पाथ टू रिक्वेस्टेड टार्गेट. म्हणजे या वेळी आपलं जावा नाही म्हणतंय, समोरच्या सर्टिफिकेटवर त्याचा विश्वास बसत नाहीये.

ट्रस्टस्टोअर कीटूलने (जावासोबत येणारी कमांड) उघडून बघितलं तर आत एकच एंट्री, बँकेच्या जुन्या सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट. सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर सही असते ती देणाऱ्या संस्थेच्या मधल्या सर्टिफिकेटची, ते इंटरमीडिएट, आणि त्यावर सही मुळातल्याची, ते रूट, अशी ती चेन असते. इथं रूट नाही, इंटरमीडिएट नाही, नुसतं शेवटचं पान. असं केलं की बँक सर्टिफिकेट रिन्यू करेल त्या दिवशी आपला कॉल बंद पडणार हे ठरलेलं. बरं, मग बँकेचा टेस्ट पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर काहीच तक्रार नाही, सगळं व्यवस्थित. इथंच बरेच जण अडकतात, ब्राउझरला चालतं मग जावाला काय धाड भरली.

मशीनवरच्या ओपनएसएसएलने एस-क्लायंटची कमांड दिली (सर्व्हर कोणती सर्टिफिकेटं पाठवतो ते ती दाखवते), शोसर्ट्स लावून. (ओपनएसएसएल जुनं असेल तर सर्व्हरनेमचा पर्याय स्वतः लिहा, १.१.१ पासून ते आपोआप जातं. तो नसेल तर एकाच आयपीवर चार साइट असलेला सर्व्हर भलतंच सर्टिफिकेट दाखवतो.) उत्तरात सर्टिफिकेट चेनच्या खाली फक्त शून्य नंबरचं सर्टिफिकेट होतं, एक नाही, दोन नाही. खाली व्हेरिफाय एरर नंबर २० आणि २१. म्हणजे बँकेचा सर्व्हर इंटरमीडिएट पाठवतच नव्हता. सोयरीक ठरवायला आलेला माणूस म्हणतो मी अमक्या मामांचा भाचा, आणि ते मामा कोण, कुठले हे घरात कुणालाच माहीत नाही, तसली गत. रूट आपल्याकडे आहे, सर्व्हरचं सर्टिफिकेट समोर आहे, पण मधला दुवाच गायब. क्रोमसारखे ब्राउझर सर्टिफिकेटमध्येच लिहिलेल्या पत्त्यावरून तो मधला दुवा स्वतः जाऊन आणतात, जावा आपणहून आणत नाही. त्यासाठी एक सेटिंग आहे पण ती मुळात बंद असते, आणि ज्या सर्व्हरला बाहेरचं इंटरनेट मोजकंच उघडलंय तिथं तिचा उपयोगही नाही.

बँकेला मेल टाकला. काही दिवसांनी उत्तर आलं, आमच्या बाजूने व्यवस्थित आहे, कृपया तुमच्या बाजूला तपासा. सोबत ब्राउझरमधल्या कुलपाचा स्क्रीनशॉट. मी काही वाद घातला नाही. एस-क्लायंटचं आउटपुट टेक्स्ट फाइलमध्ये जोडलं आणि लिहिलं की चेनमध्ये एकच सर्टिफिकेट येतंय, इंटरमीडिएट सर्व्हरवर लावावं लागेल, ब्राउझर ते स्वतः डाउनलोड करतो म्हणून तिथं कळत नाही. "कनेक्ट होत नाही" असं लिहिलेला मेल हेल्पडेस्कवरच फिरत राहतो. आउटपुट जोडलं तर तो नेटवर्कवाल्या माणसापर्यंत पोचतो. हा पोचायला आणखी आठवडा गेला पण पोचला, आणि सप्टेंबर संपायच्या आत बँकेने टेस्टवर चेन पूर्ण लावली.

तोपर्यंत थांबून चालणार नव्हतं म्हणून मी ते इंटरमीडिएट, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साइटवरून, उतरवलं, तिथं छापलेल्या फिंगरप्रिंटशी (सर्टिफिकेटची ओळख पटवणारा लांब आकडा) ताडून बघितलं आणि रूटसकट आपल्या ट्रस्टस्टोअरमध्ये घातलं. ताडून बघायचा कंटाळा करू नका, ते नाही केलं तर सगळ्या खटाटोपाला अर्थच नाही.

ट्रस्टस्टोअर कुठं ठेवायचं यावर आमच्यात जरा चर्चा झाली. जावाची स्वतःची सीएसर्ट्स नावाची फाइल असते, पासवर्ड चेंजइट, तिच्यात सर्टिफिकेट घालणं सगळ्यात सोपं. पण नवीन जावा नवीन फोल्डरमध्ये टाकलं की तिथल्या फाइलमध्ये आपली भर नसते, मग सहा महिन्यांनी सगळं बंद आणि कुणालाच आठवत नाही. टीममधल्या एका मुलाने टेस्ट मशीनवर ट्रस्टस्टोअरची सिस्टीम प्रॉपर्टी लावून आपली फाइल दिली. बँकेचा कॉल पुढे सरकला आणि एसएमएस जायचे थांबले. कारण ती प्रॉपर्टी दिली की जावा सीएसर्ट्स बघायचंच सोडून देतं, तुमच्या फाइलमध्ये जेवढं आहे तेवढंच जग. एसएमएसवाल्यांचा रूट आमच्या फाइलमध्ये कशाला असेल. शेवटी सीएक्सएफच्या कॉन्ड्युट सेटिंगमध्ये (एकेका सर्व्हिसच्या कनेक्शनची सेटिंग) फक्त बँकेच्या कॉलपुरतं ट्रस्टस्टोअर दिलं, बाकी सगळं होतं तसं राहिलं. ज्यांच्याकडे असं वेगळं देता येत नाही त्यांनी सीएसर्ट्सची कॉपी करून त्यात आपली भर घालावी आणि तिचा पाथ द्यावा.

एवढं करूनही पीकेआयएक्सची एरर जाईना. या ठिकाणी मी खरंच वैतागले. कॉन्ड्युटचं नाव बरोबर, नेमस्पेस बरोबर, पासवर्ड बरोबर. मग स्टॅक ट्रेस (एरर कोडमध्ये कुठून आली त्याची यादी) नीट खालपर्यंत वाचला, तर एरर कॉल करताना येतच नव्हती, त्याच्या आधी डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसला काय आणि कसं विचारायचं याचं वर्णन) वाचताना येत होती. सीएक्सएफ सुरुवातीला डब्ल्यूएसडीएल फाइल बँकेच्या पत्त्यावरून ओढून घेतं, आणि ते ओढताना तुमच्या सर्व्हिसच्या नावाचं कॉन्ड्युट वापरत नाही, त्याचं ट्रान्सपोर्ट यूआरआय रिझॉल्व्हर नावाचं वेगळंच असतं. म्हणजे पहिला कॉल आपल्या सेटिंगशिवायच जातो. डब्ल्यूएसडीएल डाउनलोड करून प्रोजेक्टमध्ये ठेवलं, तिथून वाचायला लावलं आणि सर्व्हिसचा पत्ता कोडमधून दिला. प्रॉडक्शनला फाइल आधीपासून लोकलच होती, टेस्टला नव्हती, त्यामुळे फरक कुणाच्या लक्षात आला नव्हता.

या सगळ्या काळात "अहो ट्रस्ट ऑल करा की, दिवाळीनंतर बघू" हे सल्ले चालूच होते. ते दहा ओळींचं कोड सगळ्यांना पाठ असतं, येईल त्या सर्टिफिकेटला हो म्हणायचं. मी नाही म्हणाले. ज्या कॉलमधून संस्थांचे खाते नंबर आणि रकमा जातात तिथं समोर बँकच आहे की आणखी कुणी हे न बघता पाठवायचं म्हणजे काय, आणि "दिवाळीनंतर" ही तारीख कुठल्याच कॅलेंडरमध्ये येत नाही. याचा पुरावा आमच्याच प्रॉडक्शन कॉन्फिगमध्ये सापडला. तिथं बँकेच्या पत्त्याच्या जागी आयपी लिहिलेला आणि नाव तपासायची सेटिंग बंद करून ठेवलेली, शेजारी कॉमेंट, टेम्पररी. तारीख २०१९ ची.

ती सेटिंग मी चालू केली तर अपेक्षेप्रमाणे ओरड झाली, नो सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम्स मॅचिंग आयपी अ‍ॅड्रेस. प्रॉडक्शनचा रस्ता व्हीपीएनमधून जातो, आयपी आतला, दहापासून सुरू होणारा. सर्टिफिकेटवर नाव असतं, आतला आयपी नसतो, आणि असूही शकत नाही. आतल्या आयपीची सर्टिफिकेटं पब्लिक (म्हणजे ब्राउझर ज्यांना मानतात त्या) संस्थांनी देणं कधीच बंद केलंय, जी दिलेली होती तीही १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करायची असं ठरलं होतं. उपाय अगदी साधा आहे. विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ, आतला आयपी आणि त्यापुढे सर्टिफिकेटवरचं नाव, आणि कॉन्फिगमध्ये आयपीच्या जागी नाव. एवढ्यासाठी सहा वर्षं तपासणी बंद होती.

आता दुसरी बाजू, आपलं क्लायंट सर्टिफिकेट. हे काम मी समांतर चालू केलं होतं आणि बरं झालं, कारण हे कोड नाही, हे कागद आहेत.

बँकेला पब्लिक संस्थेचं, कंपनीची ओळख तपासलेलं म्हणजे ओव्ही सर्टिफिकेट हवं होतं, संघाच्या नावाचं. कीटूलने २०४८ बिटची की बनवली, सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेटसाठीचा अर्ज, काढला. बँकेच्या फॉर्मवर विभागाचं नाव म्हणजे ओयू भरणं सक्तीचं होतं आणि सर्टिफिकेट देणारे म्हणाले ते आता टाकता येत नाही, सप्टेंबर २०२२ पासून ते बंदच झालंय. दोन्हीकडे मेल गेले, शेवटी बँकेच्या फॉर्मवर त्या रकान्यात "लागू नाही" लिहून चाललं. संघाचं नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटीचा कागद, लेटरहेडवर कार्यकारी संचालकांची सही आणि शिक्का. सही मिळायला वेळ लागला कारण साहेब दौऱ्यावर. मग डोमेन संघाचंच आहे हे दाखवायला डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड घालायचा, आणि डोमेनचा पासवर्ड ज्या वेबसाइटवाल्या मुलाकडे त्याचा फोन बंद. या डोमेनच्या पासवर्डवर माझं ठाम मत आहे की तो संघाच्या अकाउंट विभागात सीलबंद पाकिटात असला पाहिजे, पण ते असो.

त्यानंतर खातरजमेचा फोन. सर्टिफिकेट देणारी संस्था तुम्ही दिलेल्या मोबाइलवर फोन करत नाही, सार्वजनिक ठिकाणी नोंदलेल्या नंबरवरच करते. संघाचा असा नोंदलेला नंबर निघाला शीतकरण केंद्रातला लँडलाइन. तिथं फोन गेला, समोरून इंग्रजीत विचारणा, टँकर खाली करणाऱ्या मुलाने "साहेब नाहीत" सांगून ठेवून दिला. दुसऱ्यांदा वेळ ठरवून घेतली आणि अकाउंटचे साहेब स्वतः तिथं जाऊन बसले. खर्च जीएसटी धरून साडेसहा हजारांच्या आसपास झाला, एका वर्षाचा. दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आली, सगळीकडे सुट्टी, आणि ३ तारखेला संध्याकाळी सर्टिफिकेटची झिप फाइल आली.

इम्पोर्ट करताना कीटूल म्हणालं फेल्ड टू एस्टॅब्लिश चेन फ्रॉम रिप्लाय. याचा अर्थ एवढाच की आधी रूट, मग इंटरमीडिएट घाला आणि शेवटी आपलं. आणि आपलं घालताना की बनवताना दिलेला तोच अलियास (कीस्टोअरमधल्या एंट्रीचं नाव) द्यायचा. वेगळा दिला तर एरर येत नाही, सर्टिफिकेट नुसतंच विश्वासू म्हणून आत जातं, कीशी जोडलं जात नाही, आणि मग हँडशेकच्या वेळी जावा काहीच पाठवत नाही. लिस्ट काढून बघायचं, प्रायव्हेट की एंट्री असं दिसलं पाहिजे आणि व्हर्बोज लावलं की चेनची लांबी एकपेक्षा जास्त.

सोमवारी ६ तारखेला सगळं जुळवून कॉल मारला. रिसीव्ह्ड फेटल अलर्ट : अनसपोर्टेड सर्टिफिकेट.

रिसीव्ह्ड, म्हणजे बँक नाही म्हणतेय. ट्रस्टस्टोअर सुटलं होतं, आता आमची ओळख त्यांना पटत नव्हती. एसएसएल डीबग चालू केलं (टॉमकॅटच्या स्टँडर्ड आउटच्या लॉगमध्ये बदाबदा ओळी पडतात, प्रॉडक्शनवर चालू ठेवून घरी जाऊ नका). त्यात दिसलं की बँकेने सर्टिफिकेट मागितलं, मान्य संस्थांच्या यादीत आमच्या संस्थेचं नाव आहे, आम्ही पूर्ण चेन पाठवली, आणि त्यावर बँकेने हा अलर्ट मारला. म्हणजे सर्टिफिकेट पोचलं, ओळखीच्या संस्थेचंच आहे, तरी नको. जुनं, १४ तारखेला संपणारं सर्टिफिकेट लावून बघितलं, कॉल गेला!

मग जुनं आणि नवीन दोन्ही कीटूलने छापून शेजारी शेजारी ठेवली आणि पेन घेऊन ओळ ओळ ताडली. संस्था तीच, की २०४८ चीच, सही करायची पद्धत तीच. खाली एक्स्टेंडेड की युसेजमध्ये जुन्यात दोन ओळी होत्या, सर्व्हर-ऑथ आणि क्लायंट-ऑथ. नवीनमध्ये एकच, सर्व्हर-ऑथ. सर्टिफिकेटवरच लिहिलंय की हे फक्त सर्व्हरने ओळख दाखवायला वापरा, आणि आम्ही ते क्लायंट म्हणून दाखवत होतो.

हे आमच्यापुरतं नाही म्हणून सविस्तर सांगते. गुगल क्रोमच्या रूट प्रोग्रॅमने नियम केला की ब्राउझर ज्या रूटवर विश्वास ठेवतो त्यांच्याखालची सर्टिफिकेटं फक्त सर्व्हरच्या ओळखीसाठी असावीत. त्यामुळे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था टप्प्याटप्प्याने क्लायंट-ऑथ काढतायत. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेने मे २०२५ मध्येच जाहीर केलं होतं की २०२६ मध्ये त्यांच्याकडून ते बंद होणार. बाकीच्यांनी आधी न मागता देणं थांबवलं, मागितलं तर काही काळ द्यायचं आणि मग तेही बंद, असं ठरवलं. आपल्याकडे कित्येक बँका आणि त्यांना जोडलेले छोटे व्हेंडर म्युच्युअल टीएलएससाठी हीच पब्लिक सर्टिफिकेटं वापरतात. कुणाचं रिन्यूअल यंदा असेल तर सर्टिफिकेट हातात आल्या आल्या आधी ही एक ओळ बघा.

आम्हाला संस्थेने मागितल्यावर क्लायंट-ऑथसकट पुन्हा काढून दिलं, जादा पैसे नाही, तपासणी परत नाही, फक्त सपोर्टला चॅटवर धरून बसावं लागलं. ८ तारखेला नवीन आलं, टेस्टवर कॉल पहिल्या झटक्यात गेला, उत्तरात सक्सेसचा एक्सएमएल दिसला तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या. पण सर्टिफिकेट पुन्हा काढलं की सिरियल नंबर आणि थंबप्रिंट बदलतो, आणि बँकेच्या फॉर्मवर जुनाच लिहून गेलेला. नवीन फॉर्म, परत सही, परत शिक्का, स्कॅन करून मेल आणि मूळ प्रत शाखेत. शाखेतल्या बाईंनी पोच दिली, आमचं इथं काही काम नाही म्हणाल्या, पण कागद मुंबईच्या पाकिटात टाकला. शुक्रवारी संध्याकाळी नोंद झाल्याचा मेल आला. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, तो हुकला असता तर काही खरं नव्हतं.

शनिवारी रात्री बदल ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा झाला, ते धरूनच चाला. प्रॉडक्शनवर जायच्या आधी मी परत एस-क्लायंट चालवलं, कारण टेस्टवर चेन लावली म्हणजे प्रॉडक्शनवर लावलीच असेल असं नसतं. नव्हतीच. आमच्या ट्रस्टस्टोअरमध्ये इंटरमीडिएट आधीच असल्यामुळे आमचं अडलं नाही, बँकेला मेल टाकून ठेवला. रविवारी सकाळी संघाच्याच खात्यावर एक रुपया पाठवला, एनईएफटी आता चोवीस तास चालू असते, पुढच्या अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जमा झाला. अकाउंटच्या साहेबांनी एक रुपया जमा झाल्याच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली नुसता हात जोडलेला.

दहा तारखेपर्यंतचं बिल सोमवारी गेलं आणि दर फरकाची फाइल गुरुवारी १६ ला. फाइलमध्ये काही संस्थांचे आयएफएससी कोड जुने निघाले, बँका विलीन झालेल्या, ते परत आले आणि दुरुस्त करून पाठवले. त्याचा सर्टिफिकेटशी काही संबंध नाही, पण लोकांनी फोन मलाच केले.

पुढचं काम अजून चालू आहे. वर्षभराने हेच सर्टिफिकेट असं मिळणार नाही, म्हणून बँकेला विचारलं की तुमच्या स्वतःच्या प्रायव्हेट सीएने (आपल्यापुरती सर्टिफिकेटं देणारी बँकेची स्वतःची सोय) आमचा सीएसआर सही करून द्याल का. क्लायंट ओळखायचा बँकेला आहे, जगाला नाही, मग पब्लिक सर्टिफिकेटचं मुळात कारणच काय. ते हो म्हणालेत. त्यात आणखी एक फायदा आहे, पब्लिक सर्टिफिकेटची मुदतच आता कमी कमी होत जाणार आहे. १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. हे नियम प्रायव्हेट सीएला लागू नाहीत. बँकेच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट मात्र असंच भराभर बदलत राहणार, म्हणून ज्यांच्या ट्रस्टस्टोअरमध्ये अजून बँकेचं शेवटचं पान आहे त्यांनी ते काढून रूट आणि इंटरमीडिएट घाला. आम्ही दोन्ही स्टोअर रोज सकाळी वाचून ४५ दिवसांच्या आत संपणारं काही असेल तर मेल करणारी छोटी स्क्रिप्ट लावली आहे, मेल तीन जणांना जातो, त्यातले एक अकाउंटचे साहेब.

प्रायव्हेट सीएच्या कराराचा मसुदा बँकेकडून जानेवारीत आला, पाचशेच्या स्टॅम्पवर करायचाय आणि संचालक मंडळाचा ठराव लागतोय. मंडळाची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे.